लांबलचक सिरीजमधली छोटी पात्रं कशी ट्रॅक करायची? स्टार ट्रेक, तीन तक्ते आणि तुमचा मोबाइल

(स्पॉयलर अलर्ट: या लेखात स्टार ट्रेकच्या वेगवेगळ्या सिरीजमधल्या काही घटना सांगितल्या आहेत.)

सिटो जाक्सा हे नाव स्टार ट्रेक आवडीने बघणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. १९९२ साली 'द नेक्स्ट जनरेशन'च्या 'द फर्स्ट ड्यूटी' या भागात ती पहिल्यांदा दिसली. ॲकॅडमीतली एक विद्यार्थिनी. बंदी असलेली विमान-कसरत करताना त्यांच्या गटातला एक मुलगा मरतो आणि बाकीचे सगळे मिळून खरं लपवतात, त्या गटात ही होती. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, 'लोअर डेक्स' नावाच्या भागात ती परत आली. आता ती एंटरप्राइज जहाजावर ज्युनियर ऑफिसर होती. कॅप्टन पिकार्ड तिला एका गुप्त कामगिरीवर पाठवतो आणि ती परत येत नाही. दोन भाग, संपली गोष्ट.

पण संपली नव्हती! २०२३ मध्ये 'लोअर डेक्स' याच नावाच्या ॲनिमेटेड सिरीजच्या चौथ्या सीझनमध्ये कळतं, की नायिका मरिनर प्रमोशनपासून का पळते. तिच्या कारणांपैकी एक म्हणजे सिटो. ती तिची ॲकॅडमीतली मैत्रीण होती. म्हणजे तब्बल २९ वर्षांनी एका छोट्या पात्राच्या मृत्यूचा हिशोब पुढे आला. ज्याला सिटो आठवते, त्याच्या घशात आवंढा येतो. ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी ते फक्त एक नाव असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दिवसभर डेटाबेसशी झटापट चालते, त्यामुळे हा मला सरळसरळ डेटाचा प्रश्न वाटतो. स्टार ट्रेक १९६६ पासून चालू आहे, एपिसोड ८०० च्या पुढे गेलेत. एवढं सगळं डोक्यात राहणार नाही, आणि राहायची गरजही नाही. मोबाइलवरची एक साधी शीट पुरते. फक्त ती नीट आखायला हवी.

नुसती नावांची यादी का चालत नाही?

बहुतेक जण काय करतात, नोट्स ॲप उघडतात आणि नाव, मग त्यापुढे माहिती असं लिहीत जातात. पाच-दहा भाग हे छान चालतं. मग पुढच्या अडचणी येतात.

१. चेहरा आहे, नाव नाही. १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्याच भागात कोल्म मीनी हा नट जहाज चालवताना दिसतो. पात्राला नावच नाही. त्याच सीझनमध्ये तो पुन्हा येतो, या वेळी सुरक्षारक्षक म्हणून. दुसऱ्या सीझनमध्ये तो ट्रान्सपोर्टर चालवतो आणि त्याला 'ओब्रायन' हे आडनाव मिळतं. 'माइल्स एडवर्ड' हे पूर्ण नाव कळायला १९९० चा 'फॅमिली' हा भाग यावा लागतो. १९९३ पासून तोच माणूस 'डीप स्पेस नाइन'च्या मुख्य पात्रांमध्ये जाऊन बसतो. आता सांगा, पहिल्या भागातला तो बिननावाचा माणूस ओब्रायनच होता का?

२. एक नट, दोन माणसं. 'द फर्स्ट ड्यूटी'मध्ये त्या गटाचा म्होरक्या निक लोकार्नो होता, नट रॉबर्ट डंकन मॅकनील. १९९५ मध्ये 'व्हॉयेजर' सुरू झालं, त्यात हाच नट टॉम पॅरिस झाला. चेहरा तोच, भूतकाळही बराचसा सारखा, पण माणसं दोन. २०२३ मध्ये लोकार्नो 'लोअर डेक्स'मध्ये परत आला आणि दोघं वेगळे आहेत यावर शिक्कामोर्तब झालं.

३. एक माणूस, दोन नट. सावीक हे पात्र १९८२ च्या सिनेमात कर्स्टी ॲलीने केलं, १९८४ च्या सिनेमात रॉबिन कर्टिसने. चेहरा बदलला, माणूस तोच.

४. मेलेला माणूस पुन्हा ड्युटीवर. मूळ सिरीजमध्ये लेस्ली नावाचा कर्मचारी आहे. एडी पास्की हा नट ५० हून अधिक भागांत मागे उभा, दारात किंवा यंत्रापाशी दिसतो. १९६७ च्या 'ऑब्सेशन' भागात ढगासारखा एक जीव हल्ला करतो, त्यात लेस्लीचा बळी जातो. आणि नंतरच्या भागांत साहेब आरामात कामावर हजर!

५. एकाचे दोन झाले. १९९३ च्या 'सेकंड चान्सेस'मध्ये कळतं, की आठ वर्षांपूर्वी ट्रान्सपोर्टरच्या बिघाडात रायकरचे दोन रायकर झाले होते. एक जहाजावर गेला, दुसरा ग्रहावरच अडकून पडला. दोघांचं बालपण एक, आठवणी एक, पण त्या क्षणानंतर आयुष्यं वेगळी. दुसरा पुढे थॉमस हे नाव घेतो आणि १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाइन'मध्ये पुन्हा येतो.

या पाचही ठिकाणी नावांची यादी कोलमडते, कारण तिने नाव, चेहरा आणि माणूस या तीन गोष्टी एकच धरल्या आहेत. तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स बघा ना. 'सचिन गॅस' आणि 'सचिन क्लास' हे दोन वेगळे सचिन असतात. 'आई' आणि 'आई नवीन नंबर' ही एकच आई असते. फोनला नुसतं नाव बघून हे कळत नाही.

उपाय: दिसणं वेगळं, ओळख वेगळी

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पडद्यावर कोणीतरी दिसलं, हा पुरावा. ते कोण होतं, हा आपला निष्कर्ष. पुरावा बदलत नाही, निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या जागी लिहायचे.

गुगल शीट्समध्ये एक फाइल करा, त्यात खाली तीन टॅब:

• व्यक्ती: प्रत्येक माणसाला एक नंबर द्या, उदाहरणार्थ व-००१. पुढे सध्याचं नाव, इतर नावं, आणि 'कोणापासून वेगळा झाला' असा एक रकाना. नंबर एकदा दिला की बदलायचा नाही. नाव कितीही वेळा बदलू दे.

• दिसणं: प्रत्येक वेळी पात्र दिसलं की एक ओळ. सिरीज, सीझन, भाग, साधारण कितव्या मिनिटाला, काय करत होता, त्याला कोणी काय हाक मारली, नट कोण. शेवटी दोन रकाने: व्यक्तीचा नंबर आणि खात्री. खात्रीत तीनच पर्याय ठेवा: पक्कं, बहुतेक, अंदाज.

• कलाकार: नटाचं नाव आणि त्याने केलेल्या व्यक्तींचे नंबर.

आता ओब्रायनचं बघू. पहिल्या भागातली ओळ आपण लिहिली: 'जहाज चालवणारा, नाव नाही, नट कोल्म मीनी'. त्याला नवीन नंबर दिला, खात्री 'पक्कं', कारण आत्ता तरी तो कोणीही नाही, फक्त एक माणूस आहे. दुसऱ्या सीझनमध्ये ओब्रायन आला की त्या जुन्या ओळीत ओब्रायनचा नंबर टाकायचा आणि खात्री 'बहुतेक' करायची. मग १९९४ चा शेवटचा भाग 'ऑल गुड थिंग्ज' येतो. त्यात पिकार्ड पुन्हा पहिल्या भागाच्या काळात जातो आणि तिथे ओब्रायन जहाजावर हजर असतो. झालं, 'बहुतेक'चं 'पक्कं' करा. मूळ ओळीतल्या पुराव्याला आपण हातही लावला नाही.

इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर दोन नोंदी एकत्र करणं सोपं असतं, एकत्र केलेल्या पुन्हा वेगळ्या करणं महाकठीण. लोकार्नो आणि पॅरिस तुम्ही एकाच परिच्छेदात मिसळून लिहिले असतील, तर नंतर कुठलं वाक्य कोणाचं हे शोधत बसावं लागेल. 'दिसणं' टॅब असेल तर चार ओळींत नंबर बदलला की काम फत्ते.

लेस्लीचं काय? त्याचा मृत्यूही लिहायचा आणि नंतरचं दिसणंही. खोडरबर वापरायचा नाही. 'विसंगती' असा एक रकाना करून तिथे खूण करा. दोन पुरावे भांडत असतील तर आपण न्यायाधीश व्हायची घाई करू नये. ओब्रायनच्या हुद्द्याचंही तेच. सुरुवातीला त्याच्या कॉलरवर लेफ्टनंटच्या खुणा आहेत, नंतर मात्र तो चीफ पेटी ऑफिसर ठरतो. दोन्ही लिहा.

आणि रायकर? थॉमसला स्वतःचा नंबर द्या आणि 'कोणापासून वेगळा झाला' या रकान्यात विल रायकरचा नंबर टाका. मिरर युनिव्हर्समधल्या पात्रांनाही असाच वेगळा नंबर. तिथला कर्क आपला कर्क नाही.

तारखा दोन हव्यात

'एंटरप्राइज' ही सिरीज २००१ ते २००५ मध्ये आली, पण तिची गोष्ट १९६६ च्या मूळ सिरीजच्या सुमारे शंभर वर्षं आधी घडते. त्यामुळे प्रसारणाचं वर्ष आणि कथेतलं वर्ष हे दोन वेगळे रकाने ठेवा. प्रसारणाच्या क्रमाने लावलं की लेखकांनी पात्र कसं घडवत नेलं ते दिसतं. कथेच्या क्रमाने लावलं की त्या माणसाचं आयुष्य दिसतं. सिटोची मरिनरशी मैत्री आपल्याला २०२३ मध्ये कळली, पण तिच्या आयुष्यात ती आधीच झालेली होती.

माहिती आली कुठून, तेही लिहा

सुलूचं 'हिकारू' हे पहिलं नाव आधी व्होंडा मॅकिन्टायर यांच्या १९८१ च्या कादंबरीत आलं. पडद्यावर ते उच्चारलं गेलं थेट १९९१ च्या सहाव्या सिनेमात. मधल्या दहा वर्षांत ते खरं होतं की नव्हतं? उत्तर तुम्ही काय मानता त्यावर आहे. म्हणून 'स्रोत' रकाना हवा: पडदा, श्रेयनामावली, कादंबरी, मुलाखत.

मेमरी अल्फा हा चाहत्यांनी २००३ पासून उभा केलेला ज्ञानकोश याच शिस्तीवर चालतो. पडद्यावर आलेलं तिथे, कादंबऱ्या-कॉमिक्समधलं मेमरी बीटा या वेगळ्या ठिकाणी. अडलात की तिथे बघा, पण चालू भागाच्या पुढचं वाचलं जाईल, ही जोखीम धरूनच. चॅटबॉटला विचारलं तर उत्तर भाग-क्रमांकासह मागा आणि तो भाग स्वतः उघडून तपासा. एकाच चेहऱ्याची दोन माणसं आली की गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

मोबाइलवर करताना

• सबटायटल चालू ठेवा. नाव नीट ऐकू आलं नाही तरी वाचता येतं.
• ओटीटी ॲपमध्ये स्क्रीनशॉट बहुतेक वेळा काळा येतो, कारण ॲपने तो मुद्दाम बंद केलेला असतो. त्यापेक्षा मिनिट लिहा आणि एका ओळीत वर्णन करा.
• टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरच्या माइकने मराठीत बोला.
• 'खात्री' रकान्याला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे दर वेळी वेगळं स्पेलिंग होत नाही.
• मित्राला शीट द्यायची असेल तर तो कुठल्या सीझनपर्यंत आलाय ते विचारा आणि तेवढ्याच ओळी कॉपी करून नवीन फाइल द्या. नुसता फिल्टर लावून लिंक पाठवू नका, फिल्टर काढायला एक टॅप पुरतो.

सगळ्यांनाच लिहायचं का?

नाही, वेडे व्हाल. माझा नियम सोपा आहे. पात्राला नाव मिळालं, ते दुसऱ्यांदा दिसलं, किंवा त्याच्या एखाद्या निर्णयाने गोष्ट वळली, यातलं एकही घडलं तर ओळ लिहायची.

या नियमात मॉर्न आरामात बसतो. 'डीप स्पेस नाइन'मध्ये क्वार्कच्या बारमधल्या स्टुलावर बसलेलं हे गिऱ्हाईक सात सीझनमध्ये आपल्याला ऐकू येईल असं एक वाक्यही बोलत नाही. बाकीचे मात्र म्हणत राहतात, की हा बोलायला लागला की थांबत नाही. मार्क ॲलन शेपर्ड यांनी जाड मुखवट्याखाली ही भूमिका केली. १९९८ मध्ये मॉर्नवर एक पूर्ण भाग आला. त्यात मॉर्नची रिकामी जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून क्वार्क एका भलत्याच माणसाला तिथे बसवतो. तो माणूस म्हणजे मुखवट्याशिवायचे शेपर्ड स्वतः.

'दिसणं' टॅबमध्ये या भागासाठी दोन ओळी होतात. नट एक, व्यक्तींचे नंबर दोन. तो भाग लावा आणि शीटची सुरुवात तिथूनच करा.