शेजार आणि बंधुता

बहुसांस्कृतिकतेची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य महानगरांच्या दाखल्यांवर चालते. वास्तविक चांद्याच्या परकोटापर्यंत गेले तरी पुरे. गोंड राजांच्या या परकोटाच्या एका वेशीचे नाव पठाणपुरा. राणी हिराईने उभारलेल्या महाकालीच्या मंदिरात चैत्रात मराठवाड्यातले भाविक येतात. १९८२ साली गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकच जिल्हा होता : सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडात माडिया, वडशाकडे झाडीबोली, मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली.

परंतु शेजार म्हणजे बंधुता नव्हे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहूनही ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांनी त्या शेजारावर दिलेला तो निकाल होता. वैविध्याचे कौतुक करणारा समाज विषमही असू शकतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते?

मग बंधुतेचा पाया कोणता? एक उत्तर १९८४ च्या सुमारास मिळाले. इंद्रावतीवरील भोपालपटनम आणि गोदावरीवरील इचमपल्ली या नियोजित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. त्याच वातावरणात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजवली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला.

मेंढा जवळजवळ संपूर्ण गोंडांचे, तेव्हा तिथे एकमत सोपेच, असा आक्षेप येईल. पण एकाच जातीच्या गावांतली भाऊबंदकी आपल्याला अपरिचित नाही. सर्वसहमतीचे मोल निराळे आहे : एकटा पडलेला माणूसही तिथे मोजून बाजूला सारता येत नाही, त्याला पटवावेच लागते.

खरी कसोटी मिश्र वस्तीच्या गावांत आहे. ग्रामसभेत सारे प्रौढ समान. पण वनजमिनीचा दावा करताना बिगर-आदिवासी शेजाऱ्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. आदिवासींवरील ऐतिहासिक अन्याय पाहता हा भेद निराधार नाही. तरीही एकाच सतरंजीवर बसलेल्या दोघांत तो उभा राहतोच. त्याविषयी एकमेकांच्या तोंडावर बोलून, दोघांनाही मान्य होईल असा मार्ग ती सभा काढू शकली, तर बंधुता हा उद्देशिकेतला शब्द त्या गावापुरता खरा ठरेल.