पदवीपूर्वीचे संशोधन : हैदराबादचा एक दाखला

संशोधन हा पदवीनंतरचा व्यवहार आहे, असा समज आपल्या शिक्षणक्षेत्रात दृढ आहे. आधी बी.ए., मग एम.ए. आणि त्यानंतर प्रबंध, अशी ही ठरलेली चढण. हैदराबादच्या मराठी विद्येचा इतिहास मात्र या समजाचा फेरविचार करावयास लावतो.

१९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठीभाषकांना मातृभाषा केवळ एक विषय म्हणून शिकता येई. अशा काळात, १९२२ मध्ये, येथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. वर्गात जे अपुरे पडे, ते ग्रंथांनी भरून काढावयाचे होते.

उस्मानियातील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतरचनांचा तौलनिक अभ्यास केला. मुक्तेश्वराची पाचच पर्वे उपलब्ध आहेत. पंतांचे आर्याभारत अठरा पर्वांचे आहे. एकच प्रसंग व्यासांनी कसा मांडला आणि या दोन कवींनी त्यात काय राखले, काय पालटले, हे ताडून पाहणे ही या अभ्यासाची रीत. ती समजण्यास पदवी लागत नाही. चिकाटी आणि शेजारी शेजारी उघडलेले ग्रंथ लागतात.

नांदापूरकरांचे भाचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकत होते. मामांच्या सहवासात त्यांना व्यासंगाची गोडी लाभली. इंटरच्या परीक्षेत मात्र वारंवार अपयश आले. १९५५ मध्ये ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. एम.ए. आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद ही पुढची गोष्ट. भरताचे नाट्यशास्त्र आणि मनुस्मृती यांवर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या या विचारवंताच्या ज्ञानाने गुणपत्रिकेची वाट पाहिली नाही.

अपयशाचा गौरव करण्याचे कारण नाही. नापास होणारा प्रत्येक विद्यार्थी कुरुंदकर नसतो. तथापि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची सोय झाली, आणि त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट घातली. मार्गदर्शक थोडे असल्याने काही निवड अपरिहार्य असेल. पण इंटरला अडखळलेला जिज्ञासू या दारातून आत येऊ शकला नसता, हेही खरे.

त्याच्यासाठी दुसरे दार हवे. ग्रंथालय हेच ते दार होय. ग्रंथ देताना ग्रंथपाल वाचकाचे गुण विचारीत नाही.