गिटार-पेडलमधील ध्वनिनियंत्रक व प्रदान संरोध

गिटारच्या विद्युत् संदेशाचा पोत पालटणाऱ्या, पायाने चालवावयाच्या पेटीच्या—बाजारात जिला पेडल म्हणतात—अखेरीस आवाज कमीजास्त करण्यासाठी जो चल रोधक, म्हणजे कारागिरांच्या तोंडचा ‘पॉट’, बसविलेला असतो, त्याच्या मूल्यावरच त्या पेटीचा प्रदान संरोध (आउटपुट इम्पीडन्स) बहुतांशी ठरतो.

मूल्य निवडताना प्रथम मागील टप्पा पाहावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० किलोओहमचा रोधक असेल, तर त्या टप्प्याचा संरोधही सुमारे तेवढाच भरत असल्याने पुढे १०० किलोओहमचा पॉट देण्याचा शिरस्ता आहे. ‘बिग मफ’ या पेडलमध्ये तो पाळलेला दिसतो. ४५५८ किंवा टीएल०७२ या आयसींना मात्र १० किलोओहमचा भार सहज पेलतो. १९६६ सालच्या ‘फझ फेस’मध्ये तर ५०० किलोओहमचा पॉट आहे आणि त्याची किंमत वादकाला पुढे वायरीत मोजावी लागते.

कारण असे, की पॉटचा सरकता संपर्क रोधपट्टीच्या मध्यावर असता प्रदान संरोध कमाल होतो व, मागील टप्प्याचा संरोध नगण्य धरल्यास, तो पॉटच्या मूल्याच्या चतुर्थांश भरतो. (लॉग पॉटमध्ये हा मध्य खुंटी बरीच फिरविल्यावर येतो.) वायरीची धारकता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर सहा मीटर वायरीशी २५ किलोओहमचा संरोध सुमारे १०,६०० हर्ट्झपासून तीव्र स्वर कापू लागतो; १२५ किलोओहमचा मात्र सुमारे २,१०० हर्ट्झपासूनच, आणि तेथे गिटारची झळाळीच हरपते.

बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव-चिखलीकडील एखाद्या मैदानी ऑर्केस्ट्र्यात, गिटारचा स्वतंत्र अँप्लिफायर नसल्यामुळे पेडल थेट मिक्सरला जोडले, तर अडचण निराळीच उद्भवते. अँप्लिफायरचा आदान संरोध सुमारे १० लक्ष ओहम, तर मिक्सरच्या लाइन-आदानाचा बहुधा १० किलोओहमच्या आसपास. परिणामी मध्यावर ठेवलेल्या १०० किलोओहमच्या पॉटवरील आवाज ११ डेसिबलने उतरतो. तो भरून काढण्यासाठी पॉट पूर्ण उघडावा, तर त्याआधीच्या ०·१ मायक्रोफॅरडच्या धारित्रापुढे जेमतेम ९ किलोओहमचा भार उरून १७५ हर्ट्झखालील खर्ज गळू लागतो आणि ८२ हर्ट्झची सर्वांत जाड तार निम्म्याहून क्षीण होते. मग दोष बिचाऱ्या मिक्सरवाल्याच्या माथी! १०० किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा पॉट घालणाऱ्यानेही हेच ध्यानी ठेवून धारित्र १ मायक्रोफॅरडचे करावे. नुसता पॉट बदलून भागत नाही.

आयबानेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’मध्ये पॉटच्या पुढे ट्रान्झिस्टरचा एमिटर-फॉलोअर ठेवण्याची तजवीज असून त्यानंतरचा मालिकेतील रोधक टीएस८०८मध्ये १०० व टीएस९मध्ये ४७० ओहमचा आहे, त्यामुळे पॉटच्या स्थितीचा पुढील वायरीवर परिणाम होत नाही. तयार पेडल उघडण्याची इच्छा नसल्यास मिक्सरपूर्वी डीआय बॉक्स, म्हणजे जास्त आदान व कमी प्रदान संरोधाची जोडपेटी, जोडावा. नव्याने बांधणाऱ्याने मागे आयसी असल्यास १० किलोओहमचा लॉग पॉट घ्यावा. मागे ट्रान्झिस्टर असल्यास १०० किलोओहमचा घेऊन त्यापुढे एमिटर-फॉलोअरसारखा बफर द्यावा. ५०० किलोओहमचा पॉट जुन्या पेटीची हुबेहूब नक्कल करणाऱ्यांनीच वापरावा.