साहाय्यक तंत्रज्ञान : विकासात्मक विकलांगता व स्वावलंबन

वाढीच्या वयात, बहुधा जन्मापूर्वी वा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मेंदूच्या घडणीत न्यून राहिल्यामुळे ज्यांना बोलणे, शिकणे, अवयवांवर ताबा ठेवणे, काळवेळाचे भान राखणे किंवा चारचौघांत वावरणे आयुष्यभर कमीअधिक कठीण जाते, अशा व्यक्तींना नित्याचे व्यवहार स्वतःच्या मर्जीने पार पाडता यावेत यासाठी योजलेली साधने, आणि ती साधने वापरण्यास लागणारे शिक्षण, या दोहोंचा समावेश साहाय्यक तंत्रज्ञानात होतो. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी व डाऊन सिंड्रोम या अशा विकासात्मक विकलांगतेच्या प्रमुख अवस्था होत. मनोविकारांशी त्यांची गल्लत करण्याची जुनी खोड समाजात आहे, आणि ज्या शहराच्या नावाची १९०१ साली स्थापन झालेल्या मनोरुग्णालयावरून मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या थट्टा होत आली, त्या ठाण्यात तर ती अधिकच खुपते. म्हणून प्रारंभीच नमूद करणे अवश्य आहे की मनोविकार निरोगी माणसालाही मध्येच जडतो व पुष्कळदा उपचाराने आटोक्यात येतो, तर विकासात्मक विकलांगता ही व्यक्तीच्या घडणीतच असते व तिच्यासह जगण्याची तजवीज करावी लागते.

महाराष्ट्रात ही तजवीज यंत्रांच्या फार आधी शाळांनी आणि आईबापांनी आरंभिली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ची स्थापना केली, मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली, जी आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. अलूर यांची कन्या मालिनी चिब यांचे उदाहरण या विषयात पायाभूत मानावे लागेल. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांचे उच्चार परक्या माणसास सहसा कळत नाहीत. परंतु एका बोटाने कळफलक दाबत त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, ‘वन लिट्ल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले, आणि टंकलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे ‘लाइटरायटर’ नावाचे यंत्र पुढ्यात ठेवून सभाही गाजवल्या. ठाणे जिल्ह्यात बदलापूर येथे पालकांनीच उभारलेली ‘आधार’ ही निवासी संस्था आणि ठाणे महानगरपालिकेची ‘जिद्द’ ही विशेष शाळा ही याच परंपरेतील पुढची पावले. बालकांची वाढ वेळीच तपासून विकासातील विलंब हुडकणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये देशात प्रथम सुरू झाला तो पालघरला, आणि पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत होते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

साधनांत पहिला मान संवादाच्या साधनांचा. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती निराधार असून तिच्यापायी असंख्य मुले वर्षानुवर्षे मुकी राहिली. चित्र देऊन वस्तू मागण्याची ‘पेक्स’ ही पद्धत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत १९८५ साली बसवली, आणि आजही विशेष शाळांतून आढळणारी, वेल्क्रोच्या पट्टीवर चिकटवलेल्या लहान लहान चित्रांची फाईल ही तिचीच संतती होय. मूल पेल्याचे चित्र पट्टीवरून ओढून आईच्या हातात ठेवते, आई ‘पाणी हवं’ असे म्हणून पाणी देते, आणि शंभरदा घडलेल्या या देवघेवीतून आपल्या कृतीने दुसरा माणूस हलतो हे ज्ञान मुलाला होते. याच कल्पनेला आवाज देणारी साधने पुढे आपल्या देशात तयार झाली. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी घडवलेले ‘आवाज’ आणि पवईच्या आयआयटीतील अभिकल्प विभागात तयार झालेले, मोफत मिळणारे ‘जेलो’ ही त्यांतील विशेष परिचित. फोनच्या वा टॅबच्या पडद्यावरील चित्र दाबले की यंत्र तो शब्द उच्चारते. पवईचे हे काम ठाण्याच्या दृष्टीने शेजारचेच, आणि ‘जेलो’त मराठी आहे, ही जमेची बाजू. तथापि शब्दसंग्रह घरच्या माणसांनी भरल्याखेरीज असे कोणतेही साधन घरात रुळत नाही. वरणभात, पोळी, आजी, ‘शू लागली’ हे शब्द त्यात लागतातच. पण त्याहून आधी लागतो तो ‘नको’. पालक हा शब्द पडद्याच्या कोपऱ्यात ढकलतात, कारण मुलाचा नकार ऐकण्याची घरात कोणालाच सवय नसते; प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ज्या संवादफलकावर ‘नको’ ठळकपणे नाही तो फलक मुलाचा नसून पालकांचा समजावा. हाच धोका विद्रूप रूपात दिसला तो ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ या पद्धतीत. तीत साहाय्यक माणूस विकलांग व्यक्तीचा हात धरून तिच्याकडून अक्षरे दाबून घेई; १९९० नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत ती वाक्ये हात धरणाऱ्याचीच असल्याचे निष्पन्न झाले, व जाणत्या व्यावसायिक संस्थांनी ती पद्धत त्याज्य ठरवली.

प्रवासाचा प्रश्न समजून घेण्यास ठाण्यातील घोडबंदर रोड हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. कापूरबावडीहून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशा मूळच्या गावांवरून गायमुखाकडे व पुढे घोडबंदरकडे जाणारा हा रस्ता, एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी अशा चिंचोळ्या पट्ट्यातून, न्हावाशेवा बंदर व गुजरात यांच्या दरम्यानची अवजड वाहतूक वाहून नेतो. आणि त्याच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत जे उंच मनोऱ्यांचे शहर उभे राहिले, त्यातील तरुणाला कामावर वा कार्यशाळेत एकट्याने जायचे असल्यास या रस्त्याशीच गाठ असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीस प्रवास शिकवताना तो तुकड्यातुकड्यांत शिकवतात: सोसायटीचे फाटक, औषधाचे दुकान, थांबा, बसचा क्रमांक, खिडकीतून दिसणारा पूल, उतरण्याची जागा, अशी छायाचित्रे क्रमाने फोनमध्ये घालून, प्रत्येक टप्पा ओलांडला की पुढचे चित्र दाखवावयाचे. स्वमग्न व्यक्तीला तर असा ठरीव क्रम मनापासून आवडतो. अडचण अशी की वडाळा–कासारवडवली–गायमुख मेट्रोच्या कामासाठी या रस्त्यावर वर्षानुवर्षे पत्र्याची कुंपणे उभी राहिली, थांबे पुढेमागे सरकले, वळणे बंद झाली, आणि अलीकडे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिळवण्याचे काम निघाल्यावर ओळखीच्या खुणाच पुसल्या गेल्या. इतरांना जो नुसता मनस्ताप, तो अशा प्रवाशाला घरी बसवणारा ठरतो. यासाठी चित्रमालेत ‘थांबा हलला तर काय करायचे’ हे चित्र आरंभापासूनच असावे, म्हणजे कंडक्टरला दाखवण्याचे कार्ड, घरच्या क्रमांकाचे बटण व उभे राहण्याची सुरक्षित जागा या तिन्ही गोष्टी प्रवासी शांत असतानाच शिकवून ठेवता येतात. मनगटी घड्याळातून ठावठिकाणा कळवणारी साधनेही पालक वापरतात. त्यांच्या धास्तीला कारण आहे. परंतु पंचवीस वर्षांच्या माणसाचा माग त्याला न सांगता काढला जात असेल तर त्या साधनाला स्वावलंबनाच्या खात्यात जमा धरणे अयोग्य होय.

घरातील साधनांविषयी थोडक्यात एवढेच की त्यांतली बहुतेक बाजारातलीच असतात. वेळ संपताच आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी, उरलेला वेळ रंगाच्या घटत्या चकतीने दाखवणारे घड्याळ, आंघोळीचे टप्पे चित्रांत दाखवणारा न्हाणीघरातला तक्ता, औषधाच्या वारवार कप्प्यांची डबी: यांना कोणी वैद्यकीय उपकरण म्हणणार नाही. मनोऱ्यांतील सोसायट्यांत आलेल्या माणसाचे नाव व छायाचित्र फोनवर पाठवून ‘आत सोडू का’ असे विचारण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्यामुळे दाराशी आलेल्या अनोळखी माणसाशी बोलण्याचा ताण ज्यांना सोसत नाही त्यांचीही सोय झाली.

पैशाच्या व्यवहारात अशीच अनपेक्षित सोय घडली आहे. ज्याला सुट्या नाण्यांचा हिशेब जमत नाही त्याला भाजीवाल्याकडे एकट्याने जाणे पूर्वी दुरापास्त होते, कारण फसवणुकीपेक्षाही त्याला मागच्या गिऱ्हाइकांची घाई भिववी. आता तो फोनने पैसे देतो, आणि टोपलीशेजारचा ध्वनिपेटीचा ठोकळा किती रुपये मिळाले ते मोठ्याने सांगतो. विक्रेत्याच्या खात्रीसाठी बनवलेली ही पेटी गिऱ्हाइकालाही व्यवहार पुरा झाल्याची ग्वाही देते. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय सर्कल’ या योजनेत खातेदाराला आपल्या विश्वासातील व्यक्तीस मर्यादित रकमेची मुखत्यारी देता येते: पूर्ण मुभा दिल्यास एका वेळी ५,००० व महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत, किंवा प्रत्येक वेळी मूळ खातेदाराची मंजुरी घेऊन. विकलांगांना नजरेसमोर ठेवून ती आखलेली नाही. तरीही तिचा उपयोग उघड आहे, फक्त मर्यादा केवढी असावी हे ठरवताना ज्याला खर्च करायचा त्यालाही विचारले जावे.

कायद्याच्या तरतुदी पुष्कळ आहेत. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगहक्क करारात समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क स्पष्ट नोंदला आहे. १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांच्या जागी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले, त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीच १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, आणि तो अर्ज ज्या स्थानिक समितीपुढे जातो तीवर जिल्हाधिकारी असतात. साधने देण्यासाठी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यातून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शैक्षणिक साहित्याचे संचही दिले जातात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या निधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी असा नियम असून डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही आहे. एवढे असूनही सरकारदरबारी साधन म्हणजे मोजून, सही घेऊन, हाती देता येण्याजोगी वस्तू अशीच समजूत टिकून आहे. कुबडी वा श्रवणयंत्र दफ्तरात सहज नोंदवता येते. संवादफलकावर मराठी शब्द भरून देणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाचे सहा महिन्यांचे काम कोणत्या शीर्षाखाली दाखवावे, हे कारकुनाला उमगत नाही. परिणामी संचाची पेटी घरी येते आणि तिला हात लावायला शिकवणारा माणूस येत नाही.

पालकत्वाच्या बाबतीत १९९९ व २०१६ या दोन कायद्यांची दृष्टी एक नाही. आधीचा कायदा पालकाला निर्णयाचा व्यापक अधिकार देतो. नंतरचा ‘मर्यादित पालकत्व’ सांगतो, म्हणजे विशिष्ट बाबीपुरता, विशिष्ट मुदतीपुरता व त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून घ्यावयाचा निर्णय. ‘आमच्यामागे याचं काय’ या वृद्ध आईबापांच्या प्रश्नाला पहिला अधिक दिलासा देतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तंत्रज्ञानाचा मेळ दुसऱ्याशीच बसतो, कारण व्यक्तीची इच्छा जाणून घेण्याची साधने नसतील तर ते कलम कागदावरच राहते. आईच्या हयातीत तिच्या फोनमध्ये साठलेला चित्रांचा शब्दसंग्रह, त्यातील घरगुती नावे, कोणत्या खुणेचा अर्थ ‘पोट दुखतंय’ आणि कोणत्या खुणेचा अर्थ ‘मला एकटं सोडा’, हा सारा ऐवज पुष्कळदा तिच्यासोबत नाहीसा होतो, आणि निवासी संस्थेत दाखल झालेला चाळिशीचा माणूस तेथील सेवकांच्या लेखी पुन्हा मुका ठरतो. त्यावरचा उपाय मुळीच अवघड नाही: शब्दसंग्रहाची प्रत काढून ठेवणे, ती नात्यातील दुसऱ्या माणसालाही वापरता येते ना याची खात्री करून घेणे, आणि संस्थेच्या प्रवेशाच्या अर्जाला वैद्यकीय दाखले व मालमत्तेचे कागद यांबरोबर तीही जोडणे. अर्जाच्या छापील नमुन्यात तिच्यासाठी रकाना ठेवण्यास संस्थांना कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.