वकिलाचा मुलगा आणि जठररसाचे कोडे

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून "पुढे काय?" हा प्रश्न उभा राहतो. जीवशास्त्राची गोडी असलेल्या मुलाला डॉक्टरकीखेरीज अन्य वाट असू शकते, हे आपण सहसा मान्य करीत नाही. हा पेच काही आजचाच नव्हे. अठराव्या शतकात इटलीतील एका वकिलाच्या घरीही तो निर्माण झाला होता.

लाझ्झारो स्पालान्झानी यांचा जन्म १७२९ साली उत्तर इटलीतील स्कांदियानो गावी झाला. येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकल्यावर पित्याच्या इच्छेनुसार ते कायद्याच्या अभ्यासासाठी बोलोन्या विद्यापीठात गेले. त्यांच्या नात्यातील लॉरा बास्सी ही विदुषी तेथे पदार्थविज्ञान शिकवीत असे. तिच्या सहवासात त्यांना निसर्गविज्ञानाचा ध्यास लागला. परंतु कायदा सोडायचा, तर पित्याचा शब्द मोडणे आले! अखेर प्राध्यापक आंतोनिओ व्हालिस्नेरी यांनी मध्यस्थी केली आणि पित्याने अनुमती दिली.

पुढे स्पालान्झानी गुरुदीक्षा घेऊन धर्मगुरू झाले. रेज्जो, मोदेना आणि १७६९ पासून पाविया येथे त्यांनी अध्यापन केले. मांसाच्या रश्शात सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होतात, असे जॉन नीडहॅम या दुसऱ्या कॅथलिक धर्मगुरूंचे मत होते. स्पालान्झानींनी काचपात्रांची तोंडे वितळवून बंद केली, रस्सा दीर्घकाळ उकळला आणि १७६५ साली ते मत खोडून काढले. दोन धर्मगुरूंमधील वादाचा निवाडा त्यांनी प्रयोगावर सोपविला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अन्न पोटात दळले जाते, कुजते, की विरघळते? हे जाणण्यासाठी त्यांनी कापडी पिशव्यांत पाव व मांस भरून त्या स्वतः गिळल्या! नंतर जठररस नळीत घेऊन, ती काखेच्या उबेत ठेवून, शरीराबाहेरही मांस विरघळते हे त्यांनी दाखविले. १७८० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पचन ही मुख्यतः रासायनिक क्रिया आहे, या ज्ञानाचा पाया त्यामुळे भक्कम झाला.

हा शरीरक्रियेचा थोर अभ्यासक पेशाने वैद्य नव्हता, ही गोष्ट आपल्या पालकांनी लक्षात ठेवावी. आजही प्राणिशास्त्र वा जीवरसायनशास्त्रातील पदवी, त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन, अथवा भौतिकोपचार अशा वाटा खुल्या आहेत. २००६ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'आयसर'सारख्या संस्थेत विज्ञानाचे मूलभूत शिक्षण मिळते. मात्र या वाटेला दीर्घ अभ्यास व धीर लागतो, आणि स्थिर मिळकतीस विलंब होऊ शकतो. याचा विचार घरात आधीच, मोकळेपणाने व्हावा.

पाचारण म्हटले की आपल्याला केवळ गुरुविद्यालय वा मठ आठवतो. परमेश्वराने दिलेली जिज्ञासा हेही पाचारणच होय. आपल्या मुलाची ओढ ओळखणारी एखादी लॉरा आणि आपल्याशी बोलायला येणारा एखादा व्हालिस्नेरी धर्मग्रामातही भेटू शकेल. त्यांचे म्हणणे ऐकून घेणे मात्र आपल्या हाती आहे.