जुन्या संगणक-प्रणालीची नव्या यंत्रावरील पुनःस्थापना : मराठी साधनांच्या वाचनाचा एक प्रश्न

प्रस्तावना :

मोडी लिपी वाचता येणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे, ही खंत इतिहासाच्या चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येते आणि ती रास्तही आहे. तथापि मोडी कागदासाठी वाचणारा माणूस तयार करावा लागतो, इतकेच. साधारणतः १९९० ते २००५ या काळात संगणकावर जुळविलेल्या मराठी मजकुरासाठी मात्र माणूस पुरत नाही. त्यासाठी यंत्रही जुने लागते. प्रस्तुत लेखात अशाच एका साधनाच्या वाचनाचा अनुभव मांडला आहे.

१९७२ च्या दुष्काळात पाचोड परिसरातील ज्यांनी खडी फोडली, नालाबंडिंगची माती वाहिली आणि मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले, अशा काही स्त्री-पुरुषांच्या मुलाखती आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी २००३-०४ मध्ये घेतल्या होत्या. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. त्याआधीची दुष्काळी कामे मजुरांच्या तोंडून सांगणारी साधने फार थोडी आहेत. मुलाखतींची पुस्तिका काढावयाची म्हणून मजकूर डीटीपी केंद्रावर पेजमेकरमध्ये जुळविला गेला. छपाई मात्र राहून गेली. पुढे कॅसेटींना बुरशी आली, हस्तलिखित वाळवीने खाल्ले आणि सांगणारेही बहुतेक निवर्तले. उरली ती एका बंद पडलेल्या संगणकातील हार्डडिस्क.

ती डिस्क जोडणीयंत्राच्या साहाय्याने विभागाच्या नव्या संगणकास जोडली, तेव्हा फाइल दिसली. उघडली मात्र नाही. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची असून आजच्या विंडोजवर ती नीट चालत नाही. तेव्हा जुन्या यंत्रात होती तीच विंडोज एक्सपी नव्या यंत्रावर बसवावी, असे ठरले. येथे प्रस्तुत लेखकाचे तीन दिवस गेले.

प्रथम स्थापना सुरू होताच निळा पडदा आला व ‘स्टॉप ७बी’ हा दोष दिसू लागला. त्याचा अर्थ डिस्क बिघडली असा नसून, प्रणालीला ती डिस्क ओळखताच येत नाही, असा आहे. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. तिच्या मूळ सीडीत त्या काळच्या आयडीई डिस्कचे ड्रायव्हर आहेत. एएचसीआय पद्धतीचे नाहीत. २००५ च्या सुमारास यावर तोडगा होता : स्थापनेच्या आरंभी एफ-६ कळ दाबावी आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा. आता फ्लॉपी नाही, आणि कळ दाबली तरी उपयोग नाही. कारण यूएसबी ३ ला जोडलेला कळफलकही एक्सपीला दिसत नाही. शिवाय नवी यंत्रे बायोसऐवजी यूईएफआयवर सुरू होतात, तर बत्तीस-बिटी एक्सपीला बायोसच हवे. एक अडथळा दूर करावा तो दुसरा पुढे उभा, असा हा प्रकार होता.

अखेर मार्ग निघाला तो आभासी संगणकाचा. व्हर्च्युअलबॉक्स ही आज्ञावली नव्या यंत्राच्या पोटात एक काल्पनिक जुने यंत्र उभे करते. त्यात आयडीई डिस्क असते, बायोस असते आणि जुना कळफलकही असतो. एक्सपीला ते खरे वाटते व ती निमूट बसते. त्या यंत्राची इंटरनेट जोडणी मात्र बंद ठेवावी. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल थांबविली आहे. (त्याच वर्षी जूनमध्ये मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, हा योगायोग नोंदविण्याजोगा वाटतो.) मराठी टंकनाच्या आज्ञावलीस लागणारे, प्रिंटरच्या पोर्टला जोडावयाचे कुलूप गहाळ होते, परंतु ते टंकनासाठी आवश्यक, वाचनासाठी नव्हे. फाँट डिस्कवर होते, तेवढ्यावर काम भागले.

फाइल उघडली. मजकूर स्पष्ट होता. पेजमेकरने मात्र एक फाँट अनुपलब्ध असल्याचे कळविले. शीर्षके त्या फाँटात होती आणि सांगणाऱ्यांची नावे शीर्षकांतच होती. नावांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसत होती.

असे का व्हावे? देवनागरीसाठी ‘इस्की’ हे प्रमाणित संकेतन १९९१ पासून उपलब्ध होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या, मोहन तांबे यांच्या जिस्ट तंत्राशी त्याचे निकटचे नाते आहे. तरीही डीटीपीच्या व्यवहारात अक्षराऐवजी अक्षराचा आकार साठविला गेला. प्रत्येक उत्पादकाने रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने देवनागरी आकार भरले. ‘जि’ मधील वेलांटी आधी व ‘ज’ नंतर, ‘वर्णन’ मधील रफार ‘ण’ च्या पुढे, असा दृश्यक्रम फाइलमध्ये राहिला. फाँट गेला की अक्षर गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तांत्रिक उणीव नव्हे. प्रमाणक हाताशी असताना केलेली ती निष्काळजी होती, आणि तिच्यात ग्रंथव्यवहाराप्रमाणेच आपली महाविद्यालयेही सहभागी होती.

प्रत्येक नावाखाली एक ओळ सारखीच येत होती. ती ‘ता. पैठण, जि. औरंगाबाद’ असणार, असा तर्क केला. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये सांचीच्या छोट्या लेखांच्या अखेरीस वारंवार येणारा शब्द ‘दानं’ असावा, असे ओळखून ब्राह्मीची उकल केली होती. येथील अक्षरे अवघी वीस वर्षांपूर्वीची, पण रीत तीच. त्या ओळीवरून त, प, ठ, ण, ज, औ, र, ग, ब, द व काही मात्रा हाती आल्या. त्यांच्या आधारे आडूळ, थेरगाव, दावरवाडी, विहामांडवा ही गावे लागली आणि गावांवरून नावे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले आहे. युनिकोडमध्ये आणताना मूळ साधनातील नाव जसेच्या तसे ठेवले.

एका स्त्रीचे नाव अपुरे राहिले. पहिले अक्षर अन्य कोणत्याही शीर्षकात नाही. पुढे ‘ोंडाबाई’ इतकेच लागते. धोंडाबाई की कोंडाबाई, हे संगणक सांगू शकत नाही. खडीच्या ढिगाआड लुगड्याच्या झोळीत मूल निजवून तिने काम केले, एवढे मजकुरात आहे. ते मूल हयात असेल तर आज पन्नाशी ओलांडलेले असेल. गाव दावरवाडी. येत्या रविवारी तेथे जाऊन विचारावयाचे आहे.