उसाच्या वाटेवरच्या खुणा

२ नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी आपण दफनभूमीत जातो, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि ज्यांचे कोणी उरले नाही अशांसाठीही प्रार्थना करतो. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर हाच दिवस राष्ट्रीय सुट्टीचा असतो, मात्र त्याचे कारण वेगळे आहे. १८३४ साली याच तारखेला 'ॲटलास' नावाचे जहाज पोर्ट लुई बंदरात आले आणि त्यातून ३६ हिंदी मजूर उतरले. ते छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातील आदिवासी होते. कलकत्त्यात करारावर अंगठे उठवून त्यांना उसाच्या मळ्यात राबण्यासाठी नेण्यात आले होते. तारखांचा हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. मृतांचे स्मरण आणि घर सोडून गेलेल्यांचे स्मरण ही दोन कर्तव्ये एकमेकांपासून फार दूर नाहीत.

गोरेगाव म्हटले की वाचकांना मुंबईचे उपनगर आठवते. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. दसरा-दिवाळी सरली की आमच्या या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक 'कोयता' व्हायचे आणि कारखान्याच्या आसपास पाचटाच्या खोपीत पाच-सहा महिने काढायचे, हा क्रम मराठवाड्याला नवा नाही. म्हणूनच मॉरिशसची कहाणी आम्हांला परकी वाटत नाही.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ साली झाला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून अमलात आला. मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ते हात हिंदुस्थानातून कराराने नेण्यात आले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचा आपल्या लोकांनी कितीतरी वसाहतींत 'गिरमिट' केला. सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही, तरी टोचणी तीच. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत तेथे होती. आमच्याकडे ऊसतोडीवरच्या माणसाला 'खाडा' पडला की काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार ते पाच लाख माणसे या बेटावर उतरली. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रासमार्गे गेली. मुंबईहून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी, पण त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील मराठी माणसे होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातले जाखडी नृत्य तेथे अजून नाचले जाते. हेन्रिएता गावी १८९६ साली एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसविला असे तेथे सांगितले जाते.

या माणसांविषयी आपल्याला कोठून कळते? मुख्यतः सरकारी नोंदवह्यांतून. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जपलेल्या आहेत आणि २०१५ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत त्यांचा समावेश झाला. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण असे सारे त्यांत आहे. १८६० च्या दशकानंतर छायाचित्रेही आहेत. परंतु या वह्या लिहिणाऱ्याला पळून गेलेला मजूर ओळखून पकडायचा होता. तो मजूर कशात जेवत होता, चूल कोणत्या कोपऱ्यात मांडत होता, लेकराला कोठे निजवत होता, हे लिहिण्याचे त्याला कारण नव्हते. वही जेथे गप्प होते तेथे मातीला विचारावे लागते. पुरातत्त्वविद्येचे काम येथून सुरू होते.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली उभारलेले आगमन-केंद्र पूर्वी 'कुली घाट' म्हणून ओळखले जाई. आज त्याचे नाव 'आप्रवासी घाट' आहे. १९८७ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले आणि २००६ साली जागतिक वारसा ठरले. पाण्यातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या, प्रवेशद्वार, इस्पितळाच्या खोल्या, स्वयंपाकघराचे आणि शौचकुपांचे अवशेष एवढेच आता उरले आहे. राजवाडा नाही, देऊळ नाही. तरीही जगाने ते जपण्यालायक मानले. बेटाच्या ईशान्येस ब्रा दो येथे एकोणिसाव्या शतकातील उसाचा मळा जंगलाने गिळला होता. तेथे काळ्या दगडांच्या, चुन्यावाचून रचलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. पुरातत्त्वज्ञ क्रिश सीता यांनी २००८ पासून चालविलेल्या संशोधनकार्यात अशा मजूरवस्तींचा शोध घेतला गेला. हिवतापाच्या साथीने १८६७ साली बेटावर हाहाकार केला, तेव्हा बुआ मार्शां येथे मोठी दफनभूमी उघडावी लागली. तेथील कबरींचाही त्यांनी अभ्यास केला. नावाचा दगड नसलेल्या माणसाची कोणीतरी आस्थेने विचारपूस केली, असेच आम्ही त्याला म्हणू.

अशा उत्खननात खणणारा कोण, या प्रश्नालाही महत्त्व असते. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत आशियाई वंशाच्या अभ्यासकांनी तो नेटाने मांडला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील सरकारने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले होते. अशा एका, गिला रिव्हर येथील छावणीचा अभ्यास कोजी लाउ-ओझावा यांनी केला. त्यांच्याच कुटुंबातील माणसे तेथे बंदिवासात होती. वाळवंटातल्या त्या बराकींच्या दाराशी कैद्यांनी बांधलेल्या बागा आणि छोटी तळी त्यांनी नोंदविली. परक्याला तेथे केवळ यातना दिसली असती. घरच्या माणसाला दाराशी पाणी साठवून फुलझाड जगविणारा आजोबाही दिसला. चिनी वंशाच्या लॉरा इंग यांनी तर कॅलिफोर्नियातील सान बर्नार्डिनोची चिनी वस्ती आणि तेथील माणसे दक्षिण चीनमधील ज्या गावांतून आली त्यांपैकी एक गाव, अशा दोन्ही टोकांचा एकत्र अभ्यास केला. गेलेल्या माणसाबरोबर त्याचे मागे राहिलेले घरही बदलते, हा त्यातला धडा.

आपलेपणाचे धोकेही आहेत. पूर्वजांना वीर ठरविण्याची घाई होते आणि शेजाऱ्याच्या पूर्वजांचा विसर पडतो. मॉरिशसमध्ये आफ्रिकेतून व मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशजही राहतात आणि त्यांतील बहुसंख्य कॅथोलिक आहेत. पळालेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मोर्न डोंगर २००८ साली जागतिक वारसा झाला. मजुरांचा घाट आणि गुलामांचा डोंगर यांत कोणाचे दुःख मोठे, हा वाद व्यर्थ आहे; एकाच उसाने दोघांना पिळले. १८४१ साली बेटावर आलेले धन्य फादर जाक-देझिरे लावाल यांनी मुक्त गुलामांची सेवा करीत १८६४ मध्ये देह ठेवला. त्यांच्या समाधीपाशी आज ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सारेच येतात. संशोधकांनीही त्या समाधीपाशी थोडा वेळ उभे राहावे, असे आम्हांला वाटते.

आता आपल्या दाराशी येऊ. कोकणातल्या ज्या घरांतून माणसे मॉरिशसला गेली, त्या घरांचे चौथरे शोधण्याची आस्था आपण कितपत बाळगली? आणि आमच्या मराठवाड्यातून दरवर्षी जाणाऱ्यांचे काय? पाचटाची खोपी हंगाम संपताच मोडते. तीन दगडांची चूल पहिल्या पावसात वाहून जाते. शंभर वर्षांनी कोणी शोधायला आला तर त्याला कारखान्याची चिमणी सापडेल, पण ऊस तोडणारे हात सापडणार नाहीत.

मिसर देशात मरण पावलेल्या योसेफाने इस्राएलाच्या वंशजांकडून वचन घेतले होते की येथून निघाल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. पुढे घाईच्या त्या प्रयाणातही मोशे ते वचन विसरला नाही. आपल्यावरही तेवढेच ऋण आहे. त्यासाठी कुदळ घ्यायलाच हवी असे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ती कोणत्या गावांना, कोणत्या कामाला गेली, कोठे राहिली, कोणाला कोठे पुरून आली हे विचारावे आणि नावानिशी, सालानिशी वहीत उतरवावे. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा आणि मृत्यूच्या नोंदवह्या वाळवीपासून राखाव्यात. जुना कोयता भंगारात घालण्यापूर्वी तो कोणाचा होता हे लिहून ठेवावे.

येत्या २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावताना एक अधिक लावू या. ती वाटेवर मेलेल्यांसाठी असेल, ज्यांच्या कबरीवर दगड नाही आणि ज्यांचा क्रमांक वहीत आहे, पण कहाणी अजून मातीतच आहे.